नायतर काय!

आईला कारखान्याच्या गेटवरून परत पाठवलं, तेव्हा मी कर्जतच्या ऑफिसात बसून एका बटणाचा रंग बदलत होते. हिरवा की निळा, यावर सकाळपासून तीन मेल झाले होते. आईचा फोन आला. ती कामाच्या वेळेत कधी फोन करत नाही, लाइनवर फोन नेऊच देत नाहीत. म्हणून पहिल्या रिंगलाच उचलला.

"अगं, मला घरी पाठवलं," ती म्हणाली. "रिपोर्ट आलाय म्हनं. मला दमा हाय."

"कोण म्हणालं?"

"कागद म्हनतो. मी त्या डॉक्टरासमोर चांगलं सांगितलं, नाय म्हनून. तरी कागद म्हनतो हाय."

साजगावच्या त्या कारखान्यात आई पॅकिंगला आहे. प्लॅस्टिकच्या डब्यांना झाकणं बसवायची, नायलॉनची पट्टी आवळायची, खोक्यात रचायचं. लाइनवरच्या निम्म्या बायकांना तिनंच काम शिकवलंय. पण ती कंपनीच्या पटावर नाही, ठेकेदाराकडची बाई. ठेकेदाराच्या बाईला कुणी काढत नाही. तिला फक्त 'उद्या येऊ नका' म्हणतात आणि तो उद्या कधी संपत नाही. जागा आठवडाभर रिकामी राहिली की तिथं दुसरी बाई उभी राहते. आईला हे माहीत होतं, मलाही माहीत होतं, म्हणून फोनवर आम्ही दोघी ते बोललो नाही.

मी तिला म्हटलं, रिपोर्टाचा फोटो पाठव. तिनं शेजारच्या पोरीकडून काढून पाठवला. वर कारखान्याचं नाव, मग आईचं नाव, वय, मग लाल पट्टा: 'श्वसनाचा त्रास : आहे'. खाली जाड अक्षरात 'फेरतपासणीपर्यंत कामास अपात्र'. तो लाल रंग मी ओळखला. त्याचा नंबर मला पाठ आहे, कारण तो मी निवडला होता. तो अख्खा रिपोर्टच माझा होता.

आमचं ऑफिस म्हणजे बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तपासणी शिबिरं घेणाऱ्या एका डॉक्टरी कंपनीचं काम आमच्याकडे आहे. त्यांची माणसं कारखान्यात जातात, कामगाराला प्रश्न विचारतात, टॅबवर उत्तरं भरतात. ती उत्तरं आमच्याकडे एक्सएमएल फाईल होऊन येतात. ज्याला हे माहीत नाही त्यानं असं समजावं, की प्रत्येक उत्तर एका पुडीत बांधलेलं आहे आणि पुडीवर चिठ्ठी आहे: नाव, वय, दमा, फेफरं. माझं काम त्या पुड्या सोडून वाचता येईल असं पान तयार करणं. ते पान कसं दिसायचं, कुठली पुडी सोडली की काय छापायचं, हे सगळं एका स्टाइलशीटमध्ये लिहिलेलं असतं. ती स्टाइलशीट मी एकटीनं लिहिली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. पदवीचा कागद आई पाहुण्यांना दाखवते, मी नको म्हणत नाही. मिरवण्यासारखी गोष्ट आहे, मिरवणारच.

तर फोन ठेवला आणि बटणाचा रंग तसाच टाकून मी ती स्टाइलशीट उघडली. दम्याच्या जागी माझी कंडिशन अशी होती: उत्तर 'नाही' असेल, तर 'त्रास नाही' असं छाप. अदरवाइज, म्हणजे नाहीतर, लाल पट्टा छाप. मी लिहिली तेव्हा मला ती फार शहाणपणाची वाटली होती. कुणी घाईत उत्तर सोडलं, अर्धवट भरलं, तर माणूस निदान फेरतपासणीला तरी जाईल. सुरक्षित बाजू. कुणासाठी सुरक्षित, हे मी तेव्हा स्वतःला विचारलं नव्हतं.

अशा गडबडीत पहिली शंका मोकळ्या जागेवर घ्यायची. टॅबचा कीबोर्ड शब्द सुचवतो, तो बोटानं निवडला की पुढं आपण होऊन एक स्पेस टाकतो. डोळ्याला दिसत नाही, पण कॉम्प्युटरला 'नाही' वेगळं आणि 'नाही' अधिक स्पेस वेगळं. म्हणून मी प्रत्येक उत्तर चौकोनी कंसात छापून घेतलं, म्हणजे कंस आणि अक्षर यांच्यामध्ये पोकळी राहिली की लगेच दिसते. दिसली. बरीच दिसली. आजूबाजूच्या मोकळ्या जागा छाटणारं फंक्शन लावलं, पुन्हा चालवलं. पुष्कळ लाल पट्टे गेले. मला हायसं वाटलं, आईचं पान उघडलं.

लाल.

मग मी आईची पुडी सोडून पाहिली. कंसात लिहिलं होतं: [नाय].

मी खाली सरकत गेले. [नाय]. [नाय]. [नाय वो]. [न्हाय]. [कायबी नाय]. खालापूर तालुक्यातली अख्खी पाळी माझ्या त्या अदरवाइजमध्ये जाऊन पडली होती.

माझ्या चाचणीत हे कधी दिसलं नव्हतं. दिसणार कसं? चाचणीसाठी मी दहा खोटे कामगार तयार केले होते, त्यांची उत्तरं मीच लिहिली होती. ते सगळे बातम्या वाचणाऱ्या बाईसारखे बोलत होते. माझं बालपण ज्या घरात 'नाय' ऐकत गेलं, त्या घरातलं एकही माणूस मी त्या दहांत घेतलं नव्हतं. का, ते मला नीट माहीत आहे. दुसऱ्या वर्षाला तोंडी परीक्षेत मी 'नाय सर' म्हणाले होते, आणि परीक्षकांनी पेन खाली ठेवून "नाय?" असं विचारलं होतं. मागं बसलेली पोरं हसली. त्या दिवसापासून मी तोंडातला तो शब्द घासून काढला. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. घरी येऊन आईलाही सुधारायला लागले. "नाय नाही गं, नाही म्हण." ती हसायची. "बरं बाय, नाही."

माहिती भरणारी बाई कोंडाण्याकडची, माझ्याहून चार वर्षांनी मोठी. तिला फोन लावला.

"ताई, उत्तरात तुम्ही 'नाय' का लिहिलंत?"

"मग काय लिवू? बाया नाय म्हनल्या, मी नाय लिवलं. डॉक्टरांनी पैल्याच दिवशी सांगितलं, पेशंट बोलेल तेच लिवा, आपल्या मनाचं घालू नका. एकजन म्हनला 'कदीमदी, बिडी वडल्यावर'. तेबी लिवलंय, बघा तुमी. काय चुकलं का?"

"तुमचं नाही चुकलं."

"मग कुनाचं?"

"सांगते," म्हणाले आणि फोन ठेवला.

सरांच्या खोलीत गेले. आमचे सर मुंबईहून आठवड्यातून दोन दिवस येतात. माणूस वाईट नाही, पगार कधी थांबवला नाही, हे आधी सांगते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल बरं काही सांगणार नाही. त्यांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि हसले.

"नाय! न्हाय! कायबी नाय! अगं, ही काय उत्तरं आहेत? डेटाच कचरा आहे. तू कशाला डोकं फोडतेस?"

"कंडिशन माझी चुकली आहे, सर."

"कंडिशन बरोबर आहे. तू 'नाही' मागितलंस, त्यांनी 'नाही' दिलं नाही. सोपं आहे, फाइंड-रिप्लेस मार. नायच्या जागी नाही. आणि त्या बाईला पुढच्या शिबिरापासून नको म्हणून कळव."

कचरा हा शब्द मी नंतर किती वेळा मनात उलटापालटा केला असेल, सांगता येत नाही. माझी आई डॉक्टरसमोर उभी राहून, पदर सारखा करून, विचारलेल्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. ते उत्तर दुसरी बाई जसंच्या तसं लिहून घेते. दोघींनीही आपलं काम चोख केलं. जिनं आपलं काम केलं नाही, ती मी. आणि कचरा कोण? त्या दोघी.

मी म्हणाले, "फाइंड-रिप्लेस नको, सर. सरसकट बदललं तर भलतंच काही बदलेल."

"काय बदलणार? तू बटणाचं बघ. हे मी करतो."

आणि त्यांनी केलं. माझ्यासमोर, दोन बोटांनी, मग सगळे रिपोर्ट नव्यानं काढून कारखान्याला पाठवले. मी मनात म्हटलं, असो, आईचा तरी लाल पट्टा गेला. तिला फोन करून सांगितलं, परवा जा कामावर.

परवा ती गेटवरून परत आली. कामाचे तीन दिवस बुडाले.

झालं असं होतं, की कारखान्याच्या मनुष्यबळ विभागातल्या बाईंनी नवे रिपोर्ट उघडले, आणि पहिल्याच पानावर कामाचं स्वरूप म्हणून लिहिलेलं: 'नाहीलॉन पट्टी आवळणे'. सगळ्या पॅकिंगवाल्यांच्या पानावर नाहीलॉन. आणि गॅसच्या विभागात नाहीट्रोजन. त्या बाईंनी सरांना फोन केला, स्पीकरवर होता, मी ऐकला.

"सर, हे नाहीलॉन काय असतं हो? आमच्याकडे नायलॉन येतं. तुम्ही परवा म्हणालात त्रास आहे, आज म्हणता नाही. उद्या काय म्हणणार? चूक कुठं झाली ते लेखी द्या, सहीनिशी. तोवर एकाला आत घेणार नाही मी."

सरांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू नायलॉन मीच शोधून काढलं.

"बदल ती कंडिशन," म्हणाले.

मला त्या क्षणी हसू यायला हवं होतं. आलं नाही. नाहीलॉनमुळे आईचा आणखी एक दिवस गेला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई पडवीत सुपात तांदूळ निवडत बसली होती. आठवड्याच्या मधोमध ती घरी असली की तिला हात कुठं ठेवावे कळत नाही, म्हणून तिनं चार दिवसांत अख्खं घर धुऊन काढलं होतं. मी लॅपटॉप घेऊन तिच्यासमोर बसले. ते रिपोर्ट मीच तयार करते हे तिला तोवर मी सांगितलंच नव्हतं. सांगितलं.

तिचा हात सुपात थांबला. "म्हंजी माझा दमा तू लावलास?"

"हो."

"वा गं माझी ग्रॅज्वेट," ती म्हणाली आणि पुन्हा खडे वेचायला लागली. यापेक्षा तिनं सूप फेकून मारलं असतं तर बरं झालं असतं.

खडे वेचता वेचता तिचीच ती म्हणाली, "मी तुझ्यासारखं नाही म्हनायला गेले व्हते. तो डॉक्टर समोर, त्या मशीनची नळी नाकाशी. तोंडातून नायच आलं."

"नायच बरोबर आहे," मी म्हणाले. "आता मला सांग, तुमच्या लाइनवरच्या बाया नाही म्हणायला काय काय म्हणतात?"

ती सांगत गेली, मी यादी करत गेले. नाय. न्हाय. नाय वो. नाय बा. कायबी नाय. नाय नाय. मी म्हटलं, सोपं आहे, उत्तरात कुठंही 'नाय' आलं की नकार धरायचा. तशी कंडिशन लिहिली, तिला वाचून दाखवली.

"असं नको करू," ती म्हणाली.

"का?"

"तू मला इचार, दम लागतो का म्हनून."

"दम लागतो का?"

"नायतर काय!"

नायतर काय, म्हणजे लागतोच. म्हणजे हे काय विचारणं झालं. यात नाय आहे आणि उत्तर मात्र होय.

"अजून इचार. बिडी वडता का, असं बाप्याला इचारलं तर काय म्हनंल? 'नाय कसा? हाय ना!' मग तू काय छापनार, वडत नाय म्हनून?"

तीन वर्षं मी हे काम करते. इतक्या दिवसांत मला एवढी चांगली चाचणी कुणी करून दिली नव्हती. 'कुठंही असलं तर' ही कंडिशन पुसली. पूर्ण उत्तर यादीतल्या शब्दाशी जुळलं तरच नकार. होकाराची दुसरी यादी: हो, हाय, हाय ना, नायतर काय. आणि उरलं ते अदरवाइज. तिथं मी लाल पट्टा काढून टाकला. तिथं लिहिलं: 'उत्तर स्पष्ट नाही. कामगाराला पुन्हा विचारा.' हे पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. न कळलेल्या उत्तराचा अर्थ मी परस्पर लावून मोकळी झाले होते, आणि त्याला सुरक्षित बाजू म्हणत होते.

सोमवारी सरांनी पत्राचा मजकूर सांगायला सुरुवात केली. "माहिती भरणाऱ्या कर्मचाऱ्याच्या अशुद्ध लेखनामुळे..."

मी टाइप करायची थांबले.

"काय झालं?"

"तिचं काही चुकलेलं नाही. तिला जे सांगितलं ते तिनं लिहिलं."

"अगं, पत्रात कुणाचं तरी काहीतरी चुकलं लिहावंच लागतं."

"मग माझं लिहा. मी लिहिलेली कंडिशन आहे."

"आपणच आपल्या नावानं लिहायचं? डॉक्टर काम काढून घेतील." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझी आई त्यात आहे, म्हणून तू एवढं मनाला लावून घेतलंयस. मला कळतं."

हे ऐकून माझं डोकं सटकलं. त्यांना वाटलं त्या कारणानं नव्हे. शनिवारी कारखान्याच्या बाईंचा तो फोन झाल्यावर मी जुन्या शिबिरांच्या फाइली उघडून बघितल्या होत्या. दुसऱ्या कारखान्याच्या, त्याआधीच्या वर्षाच्या. तिथंही नाय होतं. तिथंही लाल पट्टे छापून गेले होते, कुणी काही बोललं नव्हतं. गेटवरून परत गेलेल्या त्या माणसांची पोरगी या ऑफिसात नव्हती, एवढाच फरक.

"आई त्यात नसती तर मला कळलंच नसतं, सर," मी म्हणाले. "आणि तुम्ही ज्याला कचरा म्हणालात ना, ते माझ्या घरचं बोलणं आहे. माझंही. मला 'नाय' म्हणता येतं. आज इथं बोलून दाखवू का? मी हे पत्र असं लिहिणार नाय."

आवाज बाहेरच्या खोलीपर्यंत गेला असावा, कारण तिथलं टायपिंग थांबलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "लिही तुला काय लिहायचं ते. सही पण तूच कर."

मी लिहिलं: 'कामगारांनी दिलेली आणि नोंदवून घेतलेली उत्तरे बरोबर होती. ती वाचण्याचा आमचा नियम चुकीचा होता. तो नियम मी लिहिला होता.' खाली सही केली. पदवीच्या कागदानंतर इतकी काळजीपूर्वक सही मी दुसऱ्या कशावर केलेली नाही. जुन्या शिबिरांचे सुधारलेले रिपोर्टही जोडायचे होते, त्याला मात्र सर बधले नाहीत. "गेलेलं उकरू नको." मी ते डॉक्टरी कंपनीला माझ्या मेलवरून पाठवले. उत्तर एका ओळीचं आलं, मिळाले म्हणून. त्या माणसांचं पुढं काय झालं, मला माहीत नाही. हा राग अजून आहे, आणि तो जाऊ नये असंच मला वाटतं.

आई आठव्या दिवशी कामावर गेली. तिच्या जागी एक नवी बाई उभी केली होती. आईला लाइनच्या शेवटाला, खोकी उचलायला दिलं. पट्टी आवळायची ती जागा परत मिळायला तिला दिवाळी उजाडली. तोवर मी रोज संध्याकाळी तिची कंबर शेकायला पाणी तापवत होते, तेवढंच.

कोंडाण्याच्या ताई अजून शिबिरात आहेत. सरांनी टॅबवर 'होय' आणि 'नाही' अशी दोनच बटणं द्यायचं काढलं होतं, डॉक्टरांनीच ते नाकारलं. त्यांना 'बिडी वडल्यावर' हवं होतं.

यंदा पुन्हा तपासणी झाली. फाईल आली तशी मी आधी आईचं पान उघडलं. दम्याच्या जागी ना लाल, ना हिरवं. 'उत्तर स्पष्ट नाही. कामगाराला पुन्हा विचारा.' पुडी सोडून बघितली. कंसात होतं: [छ्या].

घरी गेल्यावर विचारलं, "आई, छ्या काय? आपण यादी केली होती ना?"

"तुझी यादी तुझ्यापाशी," ती म्हणाली. "मला त्या वक्ताला छ्या वाटलं, मी छ्या म्हनलं."

"अगं, पण आता डॉक्टरांना परत यावं लागणार तुला विचारायला."

"मग येऊ दे की," आई म्हणाली. "इचारू दे."

डॉक्टर दोन दिवसांनी लाइनवर आले. खोकी बाजूला सरकवून उभे राहिले आणि माझ्या आईला परत विचारलं. तिनं काय उत्तर दिलं, ते ताईंनी जसंच्या तसं लिहून घेतलंय. यादीत 'छ्या' मी अजून घातलेलं नाही.